एकवीस सह्या आणि मधू लिमये

मधू लिमये यांचे नाव काढले की आमच्या काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. पुण्याचा ब्राह्मण, समाजवादी, गांधी-लोहियांच्या मांडवातला माणूस. त्याचे आम्हाला काय? ही आठी विनाकारण नाही. समाजवाद्यांनी जातीचा प्रश्न वर्गाच्या पोटात ढकलण्यात किती वर्षे घालवली, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही आम्ही लिमयांवर लिहीत आहोत. कारण 1974 साली लोकसभेत जे रण माजले त्याच्या एका टोकाला लिमये उभे होते आणि दुसऱ्या टोकाला, आरोपी म्हणून, राखीव जागेवरून निवडून आलेला एक दलित खासदार उभा होता. या दोघांच्या मधे, हाताला काही न लागू देता, सत्ता उभी होती.

लिमयांचा जन्म 1 मे 1922 रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन कॉलेजात शिकत असतानाच ते एस. एम. जोशी यांच्यासोबत समाजवादी गटात ओढले गेले. 1940 साली युद्धविरोधी प्रचाराबद्दल तुरुंग, 1942 च्या लढ्यात भूमिगत, 1943 साली अटक, 1945 साली सुटका. स्वातंत्र्यानंतर अनेक सत्याग्रही मंत्रालयाच्या पायऱ्या चढू लागले, तेव्हा लिमये 1955 साली गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारले आणि लष्करी न्यायालयाने 12 वर्षांची शिक्षा ठोठावली. 19 महिन्यांनी, 1957 साली ते सुटले. पुढे लोहियांच्या संयुक्त समाजवादी पक्षात गेले. मागासांना 60 टक्के जागा ही मागणी त्या पक्षाने उचलली होती, हे मात्र आमच्या वाचकांनी त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

मराठी माणूस बिहारमधून निवडून आला, हेही आज सांगावे लागते. 1964 ची पोटनिवडणूक मुंगेरमधून, 1967 सालीही मुंगेर. 1971 च्या लाटेत हरले आणि 1973 च्या पोटनिवडणुकीत बांका येथून परत आले. जात नाही, पैसा नाही, भाषाही घरची नाही. त्या बिहारमध्येच नोव्हेंबर 1968 मध्ये लखीसराय स्टेशनवर पोलिसांनी त्यांना पकडले आणि अटकेची कारणे सांगितली नाहीत. लिमये संविधानाच्या अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. अनुच्छेद 22 नुसार अटकेचे कारण सांगणे बंधनकारक आहे, ते पाळले नाही म्हणून न्यायालयाने त्यांना सोडून दिले. ज्या अनुच्छेद 32 ला बाबासाहेबांनी संविधानाचा प्राण मानले, तो असा वापरायचा असतो. आमच्या वस्त्यांत रात्री येणारी पोलिसांची गाडी कारणे सांगत बसत नाही. तेव्हा हा निकाल कार्यकर्त्याच्या खिशात असलेला बरा.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. नोव्हेंबर 1972 मध्ये परराष्ट्र व्यापार मंत्री ललित नारायण मिश्र यांच्याकडे एक निवेदन आले. पाँडिचेरीकडच्या काही व्यापाऱ्यांना आयात परवाने द्यावेत, अशी त्यात शिफारस होती आणि खाली 21 खासदारांच्या सह्या होत्या. पुढे परवाने मिळालेही. आयात परवाना त्या काळात म्हणजे सोन्याची अंडी. माल आणायचीही गरज नसे. कागदच बाजारात चढ्या भावाने विकला जाई. 1974 च्या पावसाळी अधिवेशनात हे प्रकरण फुटले, तेव्हा ज्यांच्या नावाच्या सह्या होत्या त्यांतील बहुतेक खासदारांनी हात वर केले. सही आमची नाहीच, म्हणाले. उरले एक नाव. तुलमोहन राम, काँग्रेसचे खासदार, मतदारसंघ बिहारमधील अररिया, अनुसूचित जातीसाठी राखीव.

सरकारने तपास सीबीआयकडे दिला. वरवर पाहता यात गैर काहीच नव्हते. परंतु सीबीआय कुणाच्या हाताखाली होती? पंतप्रधान इंदिरा गांधींकडे असलेल्या कार्मिक विभागाच्या. आणि चौकशी ज्या खात्याच्या कारभाराची, त्याचे तेव्हाचे मंत्री मिश्र आता त्याच मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री होते, पक्षासाठी निधी उभा करणारे म्हणून देशभर ओळखले जात होते. म्हणजे घरमालकानेच घरच्या गड्याला कंदील देऊन चोर शोधायला पाठवले, आणि माजघरात जायचे नाही अशी ताकीदही बहुधा सोबत दिली.

विरोधकांनी संसदीय समिती मागितली. सरकारचे उत्तर ठरलेले होते: तपास चालू आहे, तो पुरा होऊ द्या. सप्टेंबर असा गेला. 11 नोव्हेंबर 1974 रोजी हिवाळी अधिवेशन सुरू झाले आणि त्याच सुमारास तुलमोहन राम व इतरांवर आरोपपत्र दाखल झाले. मग उत्तर बदलले. आता प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून सभागृहात बोलता येणार नाही. ही मेख नीट पाहा. आरोपपत्रापूर्वी पोलिसांसाठी थांबा, आरोपपत्रानंतर न्यायालयासाठी थांबा. मग संसदेने मंत्र्याला जाब विचारायचा तो मुहूर्त पंचांगात आहे तरी कुठे?

लिमये या मेखेवरच घाव घालत राहिले. सोबत वाजपेयी होते, ज्योतिर्मय बसू होते, पिलू मोदी होते, मोरारजी देसाई होते. उजवे-डावे सगळे एका बाकावर आले होते. परंतु कामकाजाचे नियम लिमयांइतके तोंडपाठ फार थोड्यांना होते. त्यांचा मुद्दा साधा होता आणि म्हणून अवघड होता. खोटी सही करणे हा गुन्हा आहे, त्याचा निवाडा न्यायालयाने करावा. परंतु खासदारांच्या नावे बनावट कागद करून सरकारकडून काम करून घेणे आणि नंतर सभागृहाला अर्धवट माहिती देणे हा सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग आहे. त्याचा न्याय करणारे न्यायालय म्हणजे सभागृहच. तुरुंगात कोण जाणार, हा एक प्रश्न. मंत्र्याने खुर्ची सोडावी काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यायला दहा वर्षे लागोत, दुसऱ्याला तोपर्यंत थांबता येत नाही.

लिमयांच्या या मुद्द्याचे मूळ आम्हाला कुठे दिसते ते सांगतो. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकन पद्धत सोडून संसदीय पद्धत का घेतली, याचे कारण दिले होते. अमेरिकेत सरकार अधिक स्थिर असते, संसदीय पद्धतीत ते अधिक जबाबदार असते, आणि मसुदा समितीने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले. ही जबाबदारी पाच वर्षांनी मतपेटीत तपासायची नाही, तर रोजच्या रोज, प्रश्नांनी, ठरावांनी, स्थगन प्रस्तावांनी, अविश्वास प्रस्तावाने तपासायची, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. अनुच्छेद 75 मध्ये मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकपणे जबाबदार आहे, असे लिहिले ते याचसाठी. पोलीस तपास चालू असताना ही जबाबदारी स्थगित राहील, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही.

सीबीआयचा अहवाल सभागृहापुढे ठेवा, या मागणीवर कामकाज पुन्हा पुन्हा बंद पडले. सरकार म्हणे, पोलिसांचे कागद गोपनीय असतात. सभापती गुरदयालसिंग धिल्लाँ दोन्हीकडून ओढले जात होते. डिसेंबरमध्ये मोरारजींनी सभागृहातच सत्याग्रह करण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे सरकार वाकले, तेही अर्धेच. विरोधी नेत्यांनी कागद पाहावेत, पण बाहेर बोलू नये, या अटीवर अहवाल दाखवण्यात आला. जनतेच्या प्रतिनिधींनी पाहायचे आणि जनतेला सांगायचे नाही! या तडजोडीला आम्ही विजय म्हणणार नाही. पण एका तपास यंत्रणेचे कागद प्रचंड बहुमत असलेल्या सरकारला उघडावे लागले, एवढे खरे.

इथे आम्हाला एक सल आहे आणि ती लिमयांच्या बाजूच्या लोकांनाही ऐकवली पाहिजे. हे प्रकरण इतिहासात कोणत्या नावाने राहिले? तुलमोहन राम प्रकरण. परवाने देणाऱ्या खात्याच्या नावाने नाही, मंत्र्याच्या नावाने नाही, परवान्याचे पैसे करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नावाने तर नाहीच. तुलमोहन राम निर्दोष होते, असे आमचे म्हणणे नाही. खासदारकीची सही विकायला काढणाऱ्याला जातीची ढाल देऊ नये. पण त्यांना त्या जागेवर कुणी आणि कशासाठी बसवले होते? पुणे करारानंतर राखीव जागेवरचा उमेदवार सवर्णांच्या मतांवर आणि पक्षाच्या मेहेरबानीवर निवडून येऊ लागला. असा माणूस पक्षाच्या बड्यांची कामे करील आणि वेळ आली की त्यालाच पुढे ढकलले जाईल, ही भीती बाबासाहेबांनी आयुष्यभर बोलून दाखवली. अररियाच्या खासदाराने ती खरी करून दाखवली. लिमयांचा नेम मंत्र्यावर होता, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना मात्र दलिताचे नाव सोयीचे पडले.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. 2 जानेवारी 1975 रोजी समस्तीपूर स्टेशनवर बॉम्बस्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी ललित नारायण मिश्र मरण पावले. ज्या माणसाने सभागृहात सगळे सांगायला हवे होते, तोच गेला. त्या खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर 2014 उजाडला, जवळजवळ 40 वर्षे. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबा, म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

जूनमध्ये आणीबाणी आली. प्रश्न विचारणारे बहुतेक तुरुंगात गेले, लिमये मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत. 1976 साली लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा सरकारने ती वाढवून घेतली. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले आहे, सहाव्या वर्षाचा पगार कुणाच्या मताने घ्यायचा, असा विचार करून लिमये आणि तरुण शरद यादव यांनी कोठडीतूनच राजीनामे दिले. विरोधकांतल्या बाकी मातब्बरांना हे सुचले नाही.

1977 साली जनता राज्य आले, लिमयांनी मंत्रिपद घेतले नाही. जनता पक्षातल्या जुन्या जनसंघीयांनी एकाच वेळी रा. स्व. संघाचेही राहावे काय, हा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि 1979 मध्ये सरकार कोसळले, त्याचा ठपका आजही काही जण त्यांच्यावर ठेवतात. आमच्या मते तो ठपका नव्हे. 1982 नंतर त्यांनी निवडणुकीचे राजकारण सोडले, खासदारकीचे निवृत्तिवेतन नाकारले, स्वातंत्र्यसैनिकाचेही नाकारले आणि दिल्लीत लिहीत बसले. 8 जानेवारी 1995 रोजी ते गेले. मनू, गांधी आणि आंबेडकर अशी तीन नावे एका शीर्षकात घेणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी निघाले. त्यांच्या साऱ्या मतांशी आमचे जुळणार नाही. पण आमच्या अभ्यास मंडळांनी ते पेन्सिल हातात घेऊन वाचावे आणि जिथे भांडण आहे तिथे समासात लिहावे. लिमयांना भांडणाचे वावडे कधीच नव्हते.