डॉक्टर व्हायचे राहून गेलेले कराटे गुरू

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांचा जन्म 1868 साली ओकिनावा बेटावरच्या शुरी गावात झाला, तोही दिवस भरण्याआधी. हे मूल फार काळ जगेल असे घरच्यांना वाटत नव्हते. आजोळी वाढलेला हा अशक्त मुलगा शाळासोबत्याचे वडील आझातो यांच्याकडे कराटे शिकू लागला. त्या काळी ही विद्या चोरून शिकवली जाई. रात्री कंदील घेऊन गुरूच्या घरी जायचे आणि अंगणात सराव करायचा. ठरलेल्या हालचालींची एकच मालिका, म्हणजे ‘काता’, महिनोन् महिने घोटायची. गुरूचे समाधान झाल्याशिवाय पुढची मिळत नसे. ‘तेक्की’ नावाच्या तीन कातांवर फुनाकोशींची दहा वर्षे गेली. घोड्यावर मांड ठोकल्यासारखे गुडघे वाकवून त्यात आडवे सरकायचे असते. नवख्याच्या मांड्या थोड्याच वेळात थरथरू लागतात. उतारवयात तोल जाऊन पडू नये म्हणून आज जे व्यायाम सांगितले जातात, त्यांचाही भर बव्हंशी पायांच्या याच स्नायूंवर असतो.

या सरावाने त्यांची तब्येत हळूहळू सुधारत गेली. खरे तर त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पण पुरुषांच्या डोक्यावरचा केसांचा बुचडा ही जुनी चाल नव्या सरकारला नको होती आणि घरच्यांना तो कापणे मान्य नव्हते. वैद्यकीय शिक्षण राहिले. गंमत म्हणजे पुढे शिक्षकाच्या नोकरीसाठी तो कापावाच लागला!

1922 साली प्रात्यक्षिकासाठी ते टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. वय पन्नाशीपलीकडे, खिशात पैसे नाहीत. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट, राखण करत त्यांनी शिकवणे सुरू केले. तरुण शिष्यांना लढतीची घाई असे. फुनाकोशींचा भर मात्र कातावर आणि मनाच्या संयमावर.

त्यांचा मुलगा गिगो हा वडिलांहून आक्रमक, अत्यंत ताकदवान कराटेपटू. त्याला लहानपणीच क्षयाने गाठले होते. व्यायामाने स्नायू बळकट होतात. क्षयाचे जंतू मरत नाहीत. त्यांच्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली अमेरिकेत सापडले होते, पण युद्धात होरपळलेल्या जपानमध्ये ते त्याला मिळणे शक्यच नव्हते. ऐन उमेदीत तो गेला. 1945 च्या बॉम्बवर्षावात ‘शोतोकान’ ही त्यांची तालीमही जळाली. 1947 साली पत्नी वारली.

फुनाकोशी टोकियोला परतले. विखुरलेले शिष्य पुन्हा जमू लागले. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांचा काताचा सराव चालू होता. 26 एप्रिल 1957 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.