अनुताई वाघ: एकावन्नाव्या वर्षी बी.ए. झालेल्या बालवाडीच्या बाई

सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५चा निकाल आला तेव्हापासून जळगाव-धुळ्यातल्या शिक्षकांच्या घरात एकच विषय चालू आहे. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलाय, त्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न कोर्टाने मोठ्या पीठाकडे पाठवला आहे, म्हणून आपल्याकडे काहीजण निवांत बसलेत. दुसरीकडे बारावीनंतर डी.एल.एड.ला जावं की नाही, निकाह ठरला तर अर्धवट राहील का, असा विचार करणाऱ्या मुली आहेत. आता या वयात कसली परीक्षा, किंवा आता लग्नानंतर कसली परीक्षा, असं ज्यांच्या मनात येतं, त्यांनी अनुताई वाघांची हकीकत वाचावी.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१०चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा वारला. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य म्हणजे माजघर आणि चूल. पण अनुताई पुन्हा शाळेत गेल्या. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा पास झाल्या. तेवढ्या शिक्षणावर त्या काळी प्राथमिक शाळेत नोकरी मिळून जायची, मात्र त्यांना प्रशिक्षण घेऊनच शिकवायचं होतं. पुण्याच्या महिला ट्रेनिंग कॉलेजातून त्यांनी १९२९ मध्ये पी.सी. ही शिक्षकाची प्रमाणपत्र परीक्षा दिली आणि पहिल्या आल्या. वय एकोणीस.

पहिली नोकरी चांदवड तालुक्यात. धुळ्याहून मालेगावमार्गे नाशिकला जाताना लागतं ते चांदवड, आपल्या रोजच्या रस्त्यावरचं. परगावी, एकटी, तरुण विधवा, शाळेत मास्तरीण. गावात लोक काय काय बोलत असतील ते वेगळं सांगायला नको, आपल्या मोहल्ल्यातही फार वेगळं बोलत नाहीत. तिथून १९३३ मध्ये त्या पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः बाकावर बसायचं. असं करून १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. सर्टिफिकेट होतं, पुण्यासारख्या शहरात चांगल्या शाळेतली नोकरी होती. इथे थांबल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. तिथे त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाई म्हणजे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या, मोठ्या नावाच्या बाई. समुद्रकाठच्या बोर्डीला खेड्यातली बालवाडी काढायचं त्यांच्या मनात होतं. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तीसच्या. पुण्याची नोकरी सोडून अनुताई बोर्डीला गेल्या आणि पुढची सगळी वर्षं त्याच भागात राहिल्या.

सोळा वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंना इथे बरंच नव्याने शिकावं लागलं. माँटेसरीची साधनं महाग, खेड्यात परवडणार कुणाला? मग शंखशिंपले, बिया, पानं, मातीचे मणी हेच साहित्य झालं. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं. आज अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये टाकाऊतून टिकाऊ म्हणून जे शिकवतात, ते तेव्हा गरजेतून आलं होतं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथली मुलं शाळेत येईनात. घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचं, गुरं चारायची, शाळेला वेळ कुठून असणार? तेव्हा बाईच पाड्यावर जाऊ लागल्या. झोपडीसमोरच्या अंगणात मुलं जमवायची, आधी त्यांना न्हाऊ-माखू घालायचं, मग गाणी-गोष्टी. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. तान्ह्यांचं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली, म्हणजे मोठ्या बहिणीला कडेवरच्या बाळापायी शाळा बुडवावी लागू नये. मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

यावल, रावेर, चोपड्याकडे आपल्या तडवी बांधवांची वस्ती आहे. घरची बोली एक, शाळेचं पुस्तक दुसऱ्याच भाषेत. शहरातही घरात उर्दू आणि अंगणवाडीत मराठी, हे आपल्या हजारो लेकरांचं रोजचं आहे. कोसबाडला हीच अडचण होती. तिथे मुलांची वारली बोली, त्यांची गाणी, त्यांचे नाच वर्गात आणले गेले आणि प्रमाण मराठी हळूहळू मागून आली. अंगणवाडी सेविका होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलींना घरच्या बोलीची लाज वाटत असेल, तर ती इथे सोडून द्यावी. तीच त्यांच्या जास्त कामाची आहे.

कोसबाडला बालसेविकांचं प्रशिक्षणही चालायचं. म्हणजे दिवसभर अनुताई दुसऱ्यांना शिक्षिका बनवत होत्या. त्या धामधुमीत, डोळ्यांचं दुखणं सोसत, त्यांनी बी.ए.चा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये पदवी घेतली. वय एकावन्न. पगारवाढीसाठी किंवा कुणाच्या आदेशाने नव्हे, शिक्षण अपुरं राहिल्याची बोच होती म्हणून.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि संस्थेचा सगळा भार अनुताईंवर आला. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. पोषण आहार आणि लसीकरण त्यात आलं. अंगणातलं शिकवणं मात्र बऱ्याच ठिकाणी मागे पडलं, हे आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत डोकावलं तरी दिसेल.

१९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोसबाडच्या टेकडीवरून हे आत्मचरित्र त्यांनी लिहिलं, शिक्षणपत्रिका मासिक चालवलं, बायकांच्या हक्कासाठी काम केलं. ज्या मुलांना ऐकूच येत नाही त्यांना बालवाडीच्या गाणी-गोष्टींचा काय उपयोग, तेव्हा उतारवयात त्यांनी डहाणूला मूकबधिर मुलांची शाळाही काढली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.