वेल्लोरच्या डॉक्टरीणबाई

‘वेल्लोरला नेलंय’ असं कुणी सांगितलं की आपण समजून जातो, दुखणं साधंसुधं नाही. तामिळनाडूतल्या या गावातलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि त्याचं हॉस्पिटल आज देशभर माहीत आहे. आपल्याकडे मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं, तसंच हेही मिशनचं. पण मैत्रिणींनो, एक फरक आहे आणि तो आपल्या दृष्टीने मोठा आहे. वेल्लोरचं हॉस्पिटल एका बाईनं, बायकांसाठी उभारलं. तिचं नाव आयडा स्कडर. गंमत म्हणजे या बाईला डॉक्टर व्हायचंच नव्हतं!

आयडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० चा, वेल्लोरजवळच्या राणीपेटचा. आजोबा, वडील, दोघेही अमेरिकन मिशनचे डॉक्टर. पाच भावांच्या पाठीवर झालेली ही एकुलती मुलगी. १८७६ नंतरच्या भीषण दुष्काळात घराच्या अंगणात जमलेल्या पोरांच्या तोंडात पावाचे तुकडे घालण्याचं काम या सहा-सात वर्षांच्या मुलीनं केलं. हात उचलण्याचंही त्राण त्या मुलांत नव्हतं. पुढे शिकायला अमेरिकेत गेल्यावर तिनं मनाशी ठरवलं, आता भारत नको. सुखाचा संसार करायचा. यात तिचं काय चुकलं? विशीतल्या कुठल्याही मुलीला असंच वाटणार.

आई आजारी पडली म्हणून १८९० मध्ये ती तिंडीवनमला परत आली, तीही थोडे दिवस राहून परतायचं असं ठरवूनच. आणि तिथे ती एक रात्र आली. एक ब्राह्मण दारात उभा राहिला, त्याची कोवळी बायको बाळंतपणात अडली होती. आयडानं वडिलांकडे बोट दाखवलं. पण परपुरुषाचा हात बायकोला लागू देणं त्याला शक्य नव्हतं. तो गेला. मग एक मुसलमान गृहस्थ आला, त्याचंही तेच. त्यानंतर आणखी एक उच्चवर्णीय हिंदू. तिघांनाही बाई हवी होती आणि आयडाला औषधपाण्यातलं काही येत नव्हतं. सकाळपर्यंत तिघी पोरी गेल्या होत्या. डॉक्टर त्याच घरात होता आणि तरीही त्या गेल्या, ही गोष्ट आयडाला गिळता येईना. त्याच दिवशी तिनं आईवडिलांना सांगितलं, मी डॉक्टर होणार.

आम्ही महिला मंडळाची आरोग्य शिबिरं घेतो तेव्हा वस्तीतल्या बायका आजही आधी हळूच विचारतात, ‘डॉक्टर बाई आहेत ना?’ आणि बाई नसल्या तर अंगावरचं दुखणं अंगावरच ठेवून घरी जातात. म्हणून ती सव्वाशे वर्षांपूर्वीची रात्र मला फार जुनी वाटत नाही.

१८९५ मध्ये आयडा फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाली. हे कॉलेज आपल्या ओळखीचं आहे. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये इथूनच डॉक्टर झाल्या होत्या. त्यांना काम करायला आयुष्यच मिळालं नाही, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. आयडानं शेवटचा अभ्यास कॉर्नेलला केला. तिथे १८९८ मध्ये मुलींना नुकताच प्रवेश मिळू लागला होता. १८९९ मध्ये ती डॉक्टर झाली.

निघण्यापूर्वी तिच्यावर वेल्लोरच्या बायकांच्या हॉस्पिटलसाठी पैसे जमवायचं काम होतं. दिवस थोडे, हाती काही नाही. न्यूयॉर्कमध्ये एका श्रीमंत बाईंकडे ती आपली कहाणी सांगत बसली होती. शेजारच्या खोलीत बसलेले त्यांचे मेहुणे शेल सगळं ऐकत होते. हे बँकर. त्यांनी दिवंगत पत्नीच्या नावानं १० हजार डॉलर देऊ केले. मागितलं एकीकडे, मिळालं दुसरीकडून!

१९०० उजाडता उजाडता डॉ. आयडा वेल्लोरला आल्या. वाटलं होतं, वडिलांच्या हाताखाली शिकू. पण मे महिन्यात वडीलच गेले. राहत्या बंगल्यातल्या एका लहानशा खोलीत त्यांचा दवाखाना सुरू झाला. नर्स नाही, दुसरा डॉक्टर नाही. पहिलं ऑपरेशन केलं तेव्हा मदतीला होती घरच्या बटलरची बायको. दोन वर्षांत त्यांनी ५ हजार रुग्ण तपासले. १९०२ मध्ये ४० खाटांचं मेरी टेबर शेल हॉस्पिटल उघडलं.

पण हॉस्पिटल बांधलं म्हणून बायका येतात थोड्याच? खेड्यातली बाई घर, गुरं, पोरं टाकून येणार कशी? तेव्हा डॉक्टरीणबाईच खेड्यांकडे निघाल्या. आधी बैलगाडी नि घोडागाडी, मग १९०९ मध्ये एका सिलिंडरची फ्रेंच प्यूजो मोटार आली. पहिल्यांदा ती पाहून लोक घाबरून पळाले म्हणतात. पण हळूहळू ठरलेल्या वारी ठरलेल्या झाडाखाली गर्दी जमू लागली. फोडं, खरूज, डोळे, ताप, सगळ्यावर तिथेच रस्त्याच्या कडेला उपचार. त्याच वर्षी नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं.

तरी हिशेब जुळेना. एक बाई किती बायकांना पुरणार? इथल्याच मुली डॉक्टर व्हायला हव्यात, असं त्यांनी घेतलं. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे वेड वाटलं. तीन अर्ज आले तरी नशीब समजा, असा त्यांचा सूर. १९१८ मध्ये शाळा सुरू झाली तेव्हा अर्ज इतके आले की मुलींना परत पाठवावं लागलं. शिकवायचं सामान काय, तर एक मायक्रोस्कोप, थोडी पुस्तकं, थोडी हाडं. वर्षअखेरीच्या परीक्षेत इलाख्यातल्या मुलांच्या शाळांतून पाचात एखादाच पास झाला होता. वेल्लोरच्या मुली मात्र सगळ्याच्या सगळ्या पास! १९२२ मध्ये पहिल्या १४ जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. महात्मा गांधीही १९२८ मध्ये ही शाळा बघून गेले.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणी सांगतात. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते. १९३८ मध्ये सरकारनं जुना डिप्लोमा बंद करायचं ठरवलं. यापुढे एमबीबीएस हवं. म्हणजे मोठं हॉस्पिटल, जास्त प्राध्यापक आणि लाखोंचा खर्च, नाहीतर शाळेला कुलूप. साठी उलटून गेलेल्या आयडा पैशांसाठी अमेरिकेत गावोगाव फिरल्या. तिथे त्यांना सांगण्यात आलं, पुरुषांना प्रवेश द्या, इतर मिशन संस्थांना सोबत घ्या, तर मदत मिळेल. बायकांसाठी म्हणून जी शाळा काढली, तिथे मुलगे? ज्या अमेरिकन बायकांनी वर्षानुवर्षं घरोघर जाऊन पैसा गोळा केला होता, त्यांना हा विश्वासघात वाटला. लूसी पीबडी तर आयडांच्या जुन्या आधारस्तंभ, पण त्यांनीही कडाडून विरोध केला. आयडांनी खूप घालमेल सोसून पुरुषांच्या प्रवेशाला होकार दिला. कॉलेज बंद पडलं तर मुलींनाही शिकता येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. जिवाभावाची माणसं दुखावली ती दुखावलीच. हा निर्णय मला त्या तिंडीवनमच्या रात्रीइतकाच अवघड वाटतो.

१९४२ मध्ये एमबीबीएसचा मुलींचा वर्ग सुरू झाला, मुलगे आले १९४७ मध्ये. आयडा १९४६ मध्येच निवृत्त झाल्या होत्या. पुढे कॉलेजची सूत्रं डॉ. हिल्डा लाझारस या भारतीय डॉक्टरणीकडे आली. विद्यार्थ्यांच्या ‘आंट आयडा’ कोडाईकनालच्या आपल्या घरी राहिल्या आणि तिथेच मे १९६० मध्ये, ८९ व्या वर्षी गेल्या. पुढच्याच वर्षी वेल्लोरला ओपन हार्ट सर्जरी झाली. ४० खाटांचं ते पहिलं शेल हॉस्पिटल पुढे डोळ्यांचं हॉस्पिटल झालं, आणि बायकांसाठी बांधलेल्या त्या दारातून पुरुषही मोतीबिंदू काढायला जाऊ लागले.