क्लारा बार्टन बाई व त्यांचें बियाणें

दुष्काळ पडला किंवा पूर आला म्हणजे गांवांत धान्य वांटणारे येतात. भुकेल्यास भाकर मिळते व जीव वांचतो. हें चांगलेंच होय. परंतु धान्याच्या गाड्या परत गेल्यावर त्या कुटुंबानें काय करावें, ह्याचा विचार करणारे थोडे. असा विचार करणारी एक परिचारिका अमेरिकेंत होऊन गेली. तिचें नांव क्लारा बार्टन. रणभूमीवरील सेविका म्हणून ह्या बाईंची कीर्ति मोठी आहे; परंतु आम्ही आज त्यांच्या हातांतील बियाण्याविषयीं विशेष सांगणार आहों.

बाईंचा जन्म ता. २५ डिसेंबर १८२१ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ऑक्सफर्ड गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. त्या अकरा वर्षांच्या असतां त्यांचा वडील भाऊ डेव्हिड उंचावरून पडून अंथरुणास खिळला. सुमारें दोन वर्षें ह्या लहान मुलीनें त्याची शुश्रूषा केली. त्या काळीं अमेरिकेंत परिचारिकांसाठीं शाळा नव्हती. भावाचें अंथरूण हीच त्यांची शाळा झाली. पुढें त्या शिक्षिका झाल्या. १८५२ सालीं न्यू जर्सी संस्थानांतील बॉर्डनटाउन गांवीं त्यांनीं गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा काढली. शाळा भरभराटीस आली, तेव्हां मुख्याची जागा मात्र एका पुरुषास अधिक पगारानें देण्यांत आली. बाई तेथून निघाल्या व वॉशिंग्टन शहरीं सरकारी कचेरींत कारकून झाल्या.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. बाईंनीं मलमपट्टीचें सामान व अन्न गाड्यांत भरून थेट लढाईच्या जागीं नेलें. १८६२ च्या सप्टेंबरांत अँटीटमच्या लढाईंत त्या एका जखमी शिपायास पाणी पाजीत असतां गोळी त्यांच्या बाहींतून आरपार गेली व तो शिपाई मेला. बाईंनीं काम सोडिलें नाहीं. युद्ध संपल्यावर हजारों मातांस आपल्या मुलांचा पत्ता लागेना. बाईंनीं चौकशीची कचेरी उघडून बावीस हजारांहून अधिक शिपायांचा शोध लाविला. अँडरसनव्हिल येथील बंदिवासांत मेलेल्या सुमारें तेरा हजार शिपायांच्या थडग्यांवर नांवें लावण्याच्या कामींही १८६५ सालीं त्या हजर होत्या.

पुढें युरोपांत असतां त्यांस रेडक्रॉस ह्या संस्थेची माहिती झाली. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं पुष्कळ खटपट करून १८८१ सालीं अमेरिकन रेडक्रॉस स्थापिली. युद्धांतील जखमींप्रमाणेंच पूर, आग, वादळ व दुष्काळ ह्यांनीं पिडलेल्यांसही संस्थेनें साह्य करावें, असा त्यांचा आग्रह होता.

ता. २७ ऑगस्ट १८९३ च्या रात्रीं दक्षिण कॅरोलायना संस्थानाच्या किनाऱ्याजवळील बेटांवर भयंकर वादळ झालें. समुद्र शेतांत शिरला व पिकें नासलीं. तेथील बहुतेक रहिवासी पूर्वीं गुलामगिरींत असलेले काळे लोक व त्यांचीं मुलेंबाळें होतीं. सुमारें तीस हजार माणसें अन्नास मोताद झालीं. बाई त्या वेळीं ७१ वर्षांच्या होत्या. वर्गणी थोडी, म्हणून शिधा मोजून द्यावा लागे. केवळ शिधा देत राहिल्यानें हे लोक पुन्हां उभे राहणार नाहींत, हें बाईंनीं ओळखिलें. शेतांत तुंबलेलें पाणी काढण्यासाठीं त्यांनीं गांवकऱ्यांकडून चर खणविले, पडलेलीं घरें बांधविलीं, व हंगाम येतांच बियाणें वांटलें. बेण्याचे बटाटे आले, ते तेथील बायकांकडूनच लावणीसाठीं कापून घेतले. घरोघरीं भाजीपाल्याचे वाफे झाले. सुमारें दहा महिन्यांनीं, १८९४ च्या उन्हाळ्यांत, बाई परत निघाल्या तेव्हां शेतांत पीक उभें होतें. उपाशी पोटीं बियाण्याची कणगी राखणें किती कठीण, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. पोटाला शिधा मिळाला म्हणून बियाणें राहिलें, आणि बियाणें राहिलें म्हणून पुढें शिध्याची गरज उरली नाहीं.

ता. ८ सप्टेंबर १९०० रोजीं टेक्सास संस्थानांतील गॅल्व्हस्टन बंदर वादळानें बुडविलें. सहा हजारांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. ७८ वर्षांच्या बाई तेथेंही धांवून गेल्या. आसपासच्या शेतकऱ्यांचे मळे नष्ट झाले होते. त्यांचा पुढील हंगाम साधावा म्हणून त्यांस स्ट्रॉबेरीचीं पंधरा लक्ष रोपें देण्यांत आलीं. आपल्याकडे महाबळेश्वरास होतें तेंच हें तांबडें फळ.

बाईंचा दोषही सांगितला पाहिजे. संस्थेचा सर्व कारभार त्यांनीं आपल्याच हातीं ठेविला, व हिशेब जसे राखावयास पाहिजे होते तसे राखिले नाहींत. सोबत्यांनीं तक्रार केली, चौकशी झाली. लबाडी कांहीं सिद्ध झाली नाहीं. तरी १९०४ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, त्यांस आपण लाविलेल्या झाडाची सावली सोडून जावें लागलें. हें दुःख लहान नव्हतें. वॉशिंग्टनजवळ ग्लेन एको येथें त्यांचें लांकडी घर होतें. संकटग्रस्तांसाठीं जमविलेलें सामान तेथेंच सांठविलें जाई. त्याच घरीं त्या राहिल्या, बागेंत फुलें व भाजीपाला लावीत, कोंबड्या पाळीत. परंतु नुसत्या कुढत बसल्या नाहींत. १९०५ सालीं त्यांनीं प्रथमोपचार शिकविणारी नवी संस्था काढली. ता. १२ एप्रिल १९१२ रोजीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, त्याच घरीं त्यांचा अंत झाला. जन्मगांवीं ऑक्सफर्ड येथें त्यांस पुरलें. ग्लेन एकोचें तें घर आतां राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलें आहे.

प्रिय वाचकहो, बाईंसारखे मोठे काम आपल्या हातून न घडो. परंतु गांवांतील एखाद्या विधवेच्या घरीं पायलीभर ज्वारी पोंचवितांना तिच्या परसांत लावावयास चार भोपळ्याच्या बियाही द्याव्या, वाफा करून द्यावा, व आठ दिवसांनीं अंकुर फुटला कीं नाहीं तें पाहून यावें. आणि ज्यांच्या हातीं मंडळीचा पैसा असतो त्यांनीं हिशेब दुसऱ्यास दाखवीत जावा. ह्या दोन्ही गोष्टी आम्हांस ह्या बाईंच्या चरित्रापासून शिकतां येतात.