विश्लेषण : कच्चतीवू, मच्छीमार आणि यशवंतराव चव्हाण

कच्चतीवू बेट १९७४ मध्ये श्रीलंकेच्या हद्दीत गेले, याची चर्चा तमिळनाडूत निवडणूक आली की हमखास होते. मच्छीमारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा १९७६ चा करार मात्र विस्मरणात जातो. त्या वेळी परराष्ट्र खाते साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाणांकडे होते.

यशवंतराव दिल्लीत कसे पोहोचले?

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे त्यांचा जन्म झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगलीत आहे. वडील लवकर गेले. आई विठाबाईंनी कष्टाने मुलांना वाढवले. पाचगणीच्या पठाराखालून वाहणारी कृष्णा पुढे कराडला जाते, तिथल्या टिळक हायस्कूलमध्ये ते शिकले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला, १९४२ मध्ये भूमिगत झाले. १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. चीन युद्धानंतर संरक्षण, पुढे गृह आणि अर्थ खाते सांभाळून ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले.

त्यांच्या काळात काय ठरले?

कच्चतीवूचा करार त्याआधीच, जून १९७४ मध्ये, इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदरनायके यांनी केला होता. त्यात भारतीय मच्छीमारांना व यात्रेकरूंना बेटावर जाण्याची मुभा होती. २३ मार्च १९७६ च्या कराराने मन्नारचे आखात आणि बंगालच्या उपसागरातील सीमा आखली गेली. कन्याकुमारीजवळचा, मासळीने समृद्ध ‘वॅज बँक’ भारताकडे आला. मात्र सोबतच्या पत्रव्यवहाराने एका देशाच्या मच्छीमारांना दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीविना मासेमारी करण्यास बंदी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मालदीवशीही सागरी सीमा ठरली. मिनिकॉय बेट आणि मालदीव यांच्या मधून ती जाते.

मग वाद का उरला?

३१ जानेवारी १९७६ रोजी तमिळनाडूचे सरकार बरखास्त झाले होते आणि देशात आणीबाणी होती. त्यामुळे करार झाला तेव्हा राज्यात निवडून आलेले सरकारच नव्हते. आज रामेश्वरमचे मच्छीमार सीमेपलीकडे पकडले जातात, त्यांच्या बोटी जप्त होतात. भारतीय ट्रॉलर तळापर्यंत समुद्र खरवडून नेतात, अशी तिकडच्या तमिळ मच्छीमारांचीही तक्रार आहे.

सीमेवरच्या माणसांचे दुःख यशवंतरावांना नवे नव्हते. बेळगावच्या प्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, तेव्हा तेच गृहमंत्री होते. महाराष्ट्राने तो फेटाळला आणि तो वाद आजही न्यायालयात आहे. समुद्रातली रेषा त्या मानाने झटपट ठरली आणि दोन्ही देशांनी ती पाळली. पण त्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांचा प्रश्न २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव गेले तेव्हाही सुटला नव्हता आणि अजूनही सुटलेला नाही.