एर्लांग मास्तरांचा हिशोब

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा अखेरचा दिवस होता. पवनीला दुपारपासून रात्रीपर्यंत मी संगणकापुढे बसलो, पण अर्ज काही पुढे सरकेना. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. बाबांनी धान विकून फी भरली. पोराला अजून ते जमत नाही, असे त्यांना वाटले आणि मलाही तसेच वाटत होते. पुढे वाचता वाचता अग्नर क्रारुप एर्लांग यांची ओळख झाली.

एर्लांग १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधील एका खेड्यात जन्मले. वडील गावच्या शाळेचे मास्तर. चौदाव्या वर्षी मुलगा विद्यापीठाची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाला, पण आधी वडिलांच्याच शाळेत शिकवू लागला. १९०१ मध्ये कोपनहेगनला एम. ए. झाल्यावरही सात वर्षे मास्तरकीच! १९०८ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत गेले.

तिथे प्रश्न होता तो तारांचा. जास्त टाकल्या तर पैसा वाया, कमी टाकल्या तर माणसे ताटकळणार. एकेक कॉल केव्हा येईल ते सांगता येत नाही. पण पुष्कळ कॉल मिळून संभाव्यतेच्या नियमाने येतात, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवले. १९१७ मध्ये त्यांनी सूत्रेच दिली.

समजा, तासाला सरासरी दोन मिनिटांचे ३० कॉल येतात. म्हणजे एका तारेचे तासभराचे काम. मग एक तार पुरे, असे मीही म्हटले असते! पण माणसे ठरवून एकामागून एक येत नाहीत. एका तारेवर निम्मे कॉल परत जातात, दोन तारांवर पाचातला एक, तीन तारांवर सोळातला एक. हा हिशोब मी स्वतः वहीत करून पाहिला.

तारांतील वीजगळती मोजायला ते स्वतः शिडीवाला मजूर घेऊन रस्त्याखालच्या खड्ड्यांत उतरत. लग्न केले नाही. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, ५१ व्या वर्षी ते वारले. १९४६ मध्ये टेलिफोनवरील वर्दळ मोजण्याच्या एककाला त्यांचे नाव मिळाले, आणि १९६० नंतर अमेरिकेत क्लाइनरॉक यांनी असाच रांगेचा हिशोब संगणकांच्या जाळ्याला लावला. जाळे आखताना महिन्याची सरासरी पाहून भागत नाही. सर्वांत गर्दीचा तास पाहावा लागतो. आमचा अखेरचा दिवस तसाच होता.

यंदा धान विकायला गेलो, तेव्हा काट्यापाशी वही घेऊन बसलो. कोणती गाडी केव्हा आली, केव्हा सुटली, ते टिपत होतो. काय लिहितोस, म्हणून बाबांनी विचारले. मी वही त्यांच्यापुढे धरली. वाचता येत नसले तरी आकडे त्यांना कळतात.