आरिस्टाटल : एक शिष्य आणि गुरु

सदाचरण म्हणजे काय हें समजलें, एवढ्यानेंच मनुष्य सदाचारी होतो काय? या प्रश्नाचा खोल विचार करणाऱ्या आरिस्टाटल नांवाच्या ग्रीक पंडिताचें चरित्र आम्ही आज वाचकांस थोडक्यांत सांगतों.

ख्रिस्तपूर्व ३८४ या वर्षीं स्टागिरा गांवीं त्याचा जन्म झाला. त्याचा बाप मासेदोनियाच्या राजाचा वैद्य होता. सतराव्या वर्षीं तो अथेन्स शहरीं प्लेटोच्या विद्यालयांत आला. तेथें गुरु व शिष्य एकत्र बसून न्याय कशास म्हणावें, राज्य कसें चालवावें, याचा खल करीत. या मंडळींत त्यानें वीस वर्षें काढलीं. प्लेटोविषयीं त्याच्या मनांत आदर होता. तरी गुरूचें मत जेथें पटलें नाहीं तेथें त्यानें तसें स्पष्ट लिहिलें.

प्लेटोच्या मृत्यूनंतर तो अथेन्स सोडून गेला. पुढें त्यानें राजपुत्र शिकंदरास शिकविलें. ख्रिस्तपूर्व ३३५ च्या सुमारास त्यानें अथेन्स येथें आपलें स्वतःचें विद्यालय काढलें. तेथें १५८ राज्यांच्या राज्यव्यवस्थेचीं वर्णनें तयार झालीं, असें सांगतात. त्यांपैकीं अथेन्सचें वर्णन मिसर देशांत सांपडून १८९१ सालीं छापलें गेलें.

त्याची मुख्य शिकवण ही कीं, सद्गुण संवयीनें अंगीं येतो. नांगर धरल्यावांचून नांगरणी येत नाहीं. तसेंच न्यायानें वागत गेल्यानेंच मनुष्य न्यायी होतो. भित्रेपणा व अविचारी साहस यांच्यामध्यें धैर्य असतें, असें तो शिकवी.

परंतु त्याची एक मोठी चूक आम्ही लपवीत नाहीं. कित्येक माणसें स्वभावतःच दास होत, असें त्यानें लिहिलें. दास्य निसर्गाविरुद्ध आहे असें म्हणणारे लोक त्या काळींही होते, व हें त्यास ठाऊक होतें. पुढें १५५० सालीं स्पेन देशांत, अमेरिकेंतील मूळ रहिवाश्यांस अंकित करणें योग्य ठरविण्यासाठीं याच मताचा आधार घेण्यांत आला. जन्मावरून माणसाची किंमत ठरविल्यानें काय दुःख होतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

शिकंदर वारल्यावर आरिस्टाटलावर देवनिंदेचा आरोप आला. तो खाल्किस गांवीं गेला व ख्रिस्तपूर्व ३२२ या वर्षीं तेथेंच मरण पावला. आपल्या कांहीं दासांस मुक्त करावें, असें त्याच्या मृत्युपत्रांत आहे.

त्यानें आपल्या गुरूचीं मतें आदरानें, पण पारखून घेतलीं. त्याचींही आपण तशींच घ्यावीं.